पचमढीचा ‘शोध’ नेमका कुणी लावला?

हा भाग मी गणेशपुरीत बसून रेकॉर्ड करतोय, त्यामुळे मागे मधूनच घंटेचा आवाज आला तर सांभाळून घ्या. सकाळी गरम पाण्याच्या कुंडावर जाऊन आलो. समोर मंदाग्नीचा डोंगर आहे, खाली तानसा नदी. आपल्या भिवंडी-वसई पट्ट्यात डोंगर म्हटला की दगड काळा. सह्याद्रीत कुठेही जा, काळा कातळच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला, थरावर थर बसले आणि आपले कडे, आपले किल्ले, आपली लेणी तयार झाली. मराठी इतिहास म्हटला की डोळ्यासमोर येतो तो हाच काळा दगड.

आजची गोष्ट मात्र दुसऱ्या दगडाची आहे. वाळूच्या दगडाची, म्हणजे वालुकाश्माची. आणि ती आपल्यापासून बरीच लांब, मध्य प्रदेशातल्या पचमढीत घडते. तरी ती आपली का आहे, ते शेवटपर्यंत ऐकलंत की कळेल.

एक काम करा. मोबाईलवर ‘पचमढी’ टाका. धबधबे आणि हॉटेलं येतील, आणि मग हमखास एक वाक्य येईल: पचमढीचा शोध कॅप्टन जेम्स फोर्सिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं १८५७ मध्ये लावला. हे वाक्य इतक्या ठिकाणी आहे की आपण ते वाचतो आणि पुढे सरकतो. मीही सरकलो होतो. पण मग चौरागडाच्या पायऱ्यांवर एका आजींनी मला थांबवलं.

झालं असं. अमरावतीकडच्या एका मित्राबरोबर मी महाशिवरात्रीच्या यात्रेला गेलो होतो. विदर्भातल्या श्रोत्यांना ही यात्रा सांगायला नको. नागपूर, अमरावती, वर्धा, शेजारचा बैतूल, छिंदवाडा, सगळीकडून माणसं येतात. खांद्यावर त्रिशूळ, तोंडात ‘हर बोला महादेव’. चौरागडाच्या माथ्यावर महादेवाचं देऊळ आहे आणि त्याच्याभोवती नवसाच्या त्रिशुळांचे अक्षरशः ढीग. लहान, मोठे, काही तर दोन-तीन माणसांनी मिळून उचलावे लागतील असे. तेराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. अर्ध्यात मी बसलो. मागून एक आजी आल्या, हातात त्रिशूळ. म्हणाल्या, “काऊन बापा, दमला काय? बस थोडा.”

मी विचारलं, आजी, किती वर्षं येताय? त्या म्हणाल्या, “माह्या सासूचा नवस होता, मी फेडून राहिली. तिची सासूबी येत होती.”

एवढंच बोलून त्या पुढे गेल्या. मी मात्र हिशोब करत बसलो. आजी, त्यांची सासू, तिची सासू. तीन पिढ्या मागे गेलो, चौथीचा माग लागला तर आपण फोर्सिथच्या काळाजवळ पोचतो. आणि यात्रा त्याच्याही आधीची. ज्या डोंगरावर माणसं नवस फेडायला येत होती, तो डोंगर कुणी ‘शोधला’ म्हणजे नक्की काय केलं?

त्यासाठी आधी डोंगर समजून घेऊ.

पचमढी सातपुड्यात आहे. या भागाला महादेवाचे डोंगर म्हणतात. पठाराची उंची हजार मीटरच्या पुढे, आणि त्यावर उभं असलेलं धूपगड हे १,३५२ मीटर, अख्ख्या सातपुड्यातलं सगळ्यात उंच शिखर. कळसूबाई १,६४६ मीटर आहे, म्हणजे उंचीत आपण पुढे. पण वयात धूपगडापुढे कळसूबाई म्हणजे लहान पोर. पचमढीचा वालुकाश्म वीस कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचा. तेव्हा इथे नद्या वाळू आणून टाकत होत्या. ती दबत गेली, घट्ट होत गेली आणि तिचा दगड झाला.

या दगडाला आपल्या काळ्या कातळासारख्या धारदार कडा फार दिवस टिकवता येत नाहीत. पाऊस, ऊन, वारा कोपरे खात राहतात. कोपऱ्याला दोन-तीन बाजूंनी मार बसतो, म्हणून तो आधी झिजतो आणि डोंगराचे खांदे गोल होतात. लांबून ही टेकाडं कुणीतरी हातानं थापल्यासारखी दिसतात. पण फसू नका. वरून गोल दिसणारा हा दगड मध्येच उभा चिरतो. हांडी खोह नावाची दरी आहे, काठावरून खाली बघितलं की पोटात गोळा येतो. शंभरेक मीटर सरळ खोल.

दुसरी गोष्ट पाण्याची. वालुकाश्मात बारीक छिद्रं असतात, तो पाणी पितो आणि हळूहळू सोडतो. म्हणून महादेवाच्या गुहेत छतातून पाणी टपकत राहतं. म्हणजे या डोंगरात गुहा आहेत, कपारी आहेत, भर उन्हाळ्यात पाणी आहे, दाट जंगल आहे आणि बाहेरच्याला वाट सापडत नाही. लपायचं असेल तर याहून चांगली जागा कुठली?

माणसाला हे फार आधी कळलं होतं. इथल्या कपाऱ्यांमध्ये रंगवलेली चित्रं आहेत: शिकारी, जनावरं, नाचणारी माणसं, मध घेणारी माणसं. ज्या पाच गुहांवरून पचमढी, म्हणजे पाच मढ्या, हे नाव पडलं असं सांगतात, त्याही याच मऊ दगडात कोरलेल्या आहेत. लोक त्यांना पांडवांच्या म्हणतात. आणि या सगळ्या मुलखात गोंड आणि कोरकू राहत होते, आजही राहतात. कोरकूंच्या काही जमीनदार घराण्यांकडे महादेवाच्या ठाण्याची राखण वंशपरंपरेनं होती. त्यांना भोपा म्हणत.

आता या डोंगरात आपला माणूस येतो. साल १८१८.

शाळेत आपण वाचलंय की १८१८ मध्ये पेशवाई संपली. ३ जूनला दुसरा बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला. पाठ तिथे संपतो. पण नागपूरकर भोसल्यांची गोष्ट तेव्हा संपली नव्हती.

नागपूरच्या गादीवर होते मुधोजी भोसले, म्हणजे आप्पासाहेब. त्यांना सरळ हिरो करून टाकू नका, माणूस गुंतागुंतीचा होता. १८१६ मध्ये दुसरे रघुजी भोसले वारले. त्यांचा मुलगा परसोजी राज्य चालवण्याच्या स्थितीत नव्हता, म्हणून कारभार आप्पासाहेबांकडे आला. त्यांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला, म्हणजे ज्यांच्याशी पुढे लढले त्यांना दार त्यांनीच उघडून दिलं. १८१७ च्या सुरुवातीला परसोजीचा खून झाला आणि त्याचा ठपका आप्पासाहेबांवर आला. नोव्हेंबर १८१७ मध्ये त्यांनी इंग्रजांशी बिघडवलं. सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली. नागपूरकरांनो, तुम्ही ज्या सीताबर्डीला खरेदीला जाता, तीच. लढाई हरली, डिसेंबरात पुन्हा हरली. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी त्यांना पकडलं आणि अलाहाबादच्या किल्ल्याकडे रवाना केलं.

वाटेत, मे महिन्यात, जबलपूरच्या बाजूला असताना आप्पासाहेब पळाले. पहाऱ्यावरचे काही शिपाई फितवले, शिपायाचाच वेश केला आणि रात्री निघून गेले. बिछान्यावर उशी ठेवून कुणीतरी झोपल्याचा भास केला होता, अशी हकीकत सांगतात.

पळून गेले कुठे? महादेवाच्या डोंगरात.

त्यांना आसरा दिला गोंडांनी. हर्राईचा गोंड जमीनदार चैनशाह त्यांच्या बाजूनं उभा राहिला. इंग्रजांनी आप्पासाहेबांना पकडून देणाऱ्याला मोठं इनाम लावलं. विचार करा, राज्य गेलेला, पैसा नसलेला राजा आणि समोर कंपनी सरकारचं इनाम. पण महिनोन् महिने कुणी त्यांना पकडून दिलं नाही. जुलैत बैतुलकडे कॅप्टन स्पार्क्सची तुकडी आप्पासाहेबांच्या बाजूच्या लोकांनी मारली. पावसाळा सुरू झाल्यावर कंपनीच्या फौजेला डोंगरात काही करता येईना. चिखल, दऱ्या आणि जंगलातला ताप. पेशवे शरण गेले होते आणि इकडे नागपूरकर भोसला एका वाळूच्या डोंगरात बसून अजून लढत होता.

पावसाळा ओसरला तशी कंपनीनं कर्नल ॲडम्सच्या हाताखाली सगळीकडून फौजा आत घातल्या. फेब्रुवारी १८१९ मध्ये आप्पासाहेब डोंगरातून निसटले आणि बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाकडे गेले. बरोबर पेंढाऱ्यांचा पुढारी चितू होता. तो जंगलात भरकटला आणि वाघानं त्याला मारलं. एप्रिलमध्ये असीरगडही पडला. आप्पासाहेब तिथूनही निसटले. पुढे लाहोरला रणजितसिंहांकडे, मग हिमालयाच्या पायथ्याला मंडीला, शेवटी जोधपूरच्या मानसिंहांच्या आश्रयाला. १८४० मध्ये जोधपुरातच वारले. नागपूर त्यांना परत कधी दिसलं नाही.

राजा निघून गेला. पण ज्यांनी त्याला लपवलं, ते कुठे जाणार होते? त्यांचं घर तेच होतं. या गोष्टीत मला सगळ्यात जास्त अडकवून ठेवणारी जागा ही आहे.

चाळीस वर्षं पुढे या. १८५८ चा ऑक्टोबर संपत आला होता. तात्या टोपे, आपल्या येवल्यात जन्मलेले, फौजेला हुलकावण्या देत नर्मदा उतरले आणि दक्षिणेकडे निघाले. त्यांना नागपूरकडे, मराठी मुलखात पोचायचं होतं, कारण तिथे लोक उठतील अशी आशा होती. वाट कुठून गेली? याच महादेवाच्या डोंगरांतून. तिथून ते मुलताईला उतरले. पण नागपूर १८५४ पासून इंग्रजांच्या ताब्यात होतं आणि पुढची वाट बंद झाली होती. तात्या पश्चिमेकडे वळले. एप्रिल १८५९ मध्ये शिवपुरीला त्यांना फाशी दिलं.

या वेळी डोंगरातून मदतीला आला भभूतसिंह, कोरकू जहागीरदार. तात्या गेल्यानंतरही तो लढत राहिला. डोंगर त्याला पाठ होता, फौजेला नव्हता. शेवटी १८६० मध्ये पकडला गेला आणि जबलपूरला त्याला मृत्युदंड दिला गेला. मध्य प्रदेश सरकारनं प्रसिद्ध केलेल्या माहितीत एक ओळ आहे, ती वाचून मी थबकलो: याच भभूतसिंहाच्या आजोबांनी, ठाकूर मोहनसिंहांनी, आप्पासाहेब भोसल्यांना साथ दिली होती. म्हणजे आजोबांनी नागपूरच्या राजाला सांभाळलं आणि नातवानं येवल्याच्या तात्याला. दोन्ही वेळा पाहुणा मराठी होता, आणि दोन्ही वेळा पाहुणा पुढे निघून गेला.

आता आपल्या फोर्सिथसाहेबांकडे येऊ.

१८६१ मध्ये इंग्रजांनी मध्य प्रांत तयार केला, राजधानी नागपूर. नवीन प्रांताला आपल्याकडे काय आहे ते जाणून घ्यायचं होतं: किती जंगल, किती साग, कुठे शेती. या कामावर फोर्सिथ होता. तो पचमढीच्या पठारावर आला जानेवारी १८६२ मध्ये. १८५७ मध्ये नाही. नेटवरचं साल इथेच गळतं. १८५७ हे साल इतकं प्रसिद्ध आहे की कुणीतरी ते चिकटवलं आणि मग सगळ्यांनी कॉपी-पेस्ट केलं. १८६२ मध्येच त्यानं तिथे स्वतःसाठी घर बांधलं, बायसन लॉज. ते आजही उभं आहे.

फोर्सिथ आला तेव्हा पठार रिकामं नव्हतं. तिथे कोरकूंची वस्ती होती, त्यांचा ठाकूर होता, महादेवाची यात्रा होती. शिवाय चव्वेचाळीस वर्षांपूर्वी त्याच्याच कंपनीच्या फौजा आप्पासाहेबांच्या मागे याच डोंगरात शिरल्या होत्या. म्हणजे इंग्रजांसाठीसुद्धा ही जागा नवीन नव्हती. फोर्सिथनं डोंगर शोधला नाही. त्यानं तो लिहिला. मध्य भारताच्या या डोंगराळ मुलखावरचं त्याचं पुस्तक १८७१ मध्ये आलं, त्याच वर्षी तो वारला. पुस्तक चांगलं आहे, मी वाचलंय. जंगल, जनावरं, गोंड-कोरकूंची राहणी, यात्रा, सगळं त्यानं डोळे उघडे ठेवून टिपलंय. माझं भांडण पुस्तकाशी नाही. लिहिणाऱ्यालाच आपण शोधणारा समजलो, ही चूक आपली.

आणि लिहिण्याबरोबर मोजणी आली, मोजणीबरोबर मालकी. १८६५ मध्ये पचमढीच्या पायथ्याचं बोरीचं जंगल राखीव करण्यात आलं. देशातल्या सगळ्यात जुन्या राखीव जंगलांत त्याची गणना होते. ही जमीन कुठून आली? भभूतसिंहाकडून जप्त केलेली. आपण आज बोरीला जातो, गाइड अभिमानानं सांगतो की हे भारतातलं पहिलं राखीव जंगल. ते राखीव होण्याआधी कुणाचं होतं, हे विचारायचं आपल्या डोक्यात येत नाही. पठारावरचा साल आणि खालच्या अंगाचा साग इथे एकमेकांना भेटतात, झाडांच्या अभ्यासकांना त्याचं फार कौतुक. पण कोरकूसाठी त्याच दिवसापासून घरामागचं जंगल सरकारी झालं.

पुढे पचमढी मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी झाली. एप्रिल लागला की नागपूरच्या उन्हातून सरकार उठायचं आणि फायलींसकट इथे यायचं. छावणी आली, चर्च आलं, क्लब आला.

या दगडाचं नाव तर जगभर गेलं. १८७० च्या दशकात हेन्री मेडलिकॉट या भूशास्त्रज्ञानं या भागातल्या खडकांना ‘गोंडवाना’ म्हटलं, गोंडांच्या मुलखावरून. मग एदुआर्द झ्युस या ऑस्ट्रियन अभ्यासकानं १८८५ मध्ये एका जुन्या महाखंडाला तेच नाव दिलं. आज ब्राझीलमधलं, दक्षिण आफ्रिकेतलं, ऑस्ट्रेलियातलं पोर भूगोलाच्या पुस्तकात ‘गोंडवाना’ वाचतं. पण ज्या गोंडांनी आप्पासाहेबांना सांभाळलं, त्यांचं नाव आपल्या इतिहासाच्या पुस्तकात शोधावं लागतं.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. तोवर नागपूर आणि पचमढी एकाच राज्यात होती, आणि राजधानी होती नागपूर. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात आला, पचमढी मध्य प्रदेशात राहिली. नकाशावर रेघ पडली. यात्रा मात्र त्या रेघेला विचारून चालत नव्हती, आजही चालत नाही. महाशिवरात्रीला चौरागड, नागपंचमीला नागद्वार. विदर्भाच्या गावागावांतून गाड्या भरून निघतात.

२०२५ च्या जून महिन्यात मध्य प्रदेशच्या मंत्रिमंडळाची बैठक पचमढीत झाली आणि तिथल्या अभयारण्याला राजा भभूतसिंहांचं नाव देण्यात आलं. चांगलं झालं. नुसत्या नावानं जमीन परत येत नाही, हेही खरं. पण पुढच्या वेळी कुणीतरी पाटी वाचेल आणि विचारेल, हा भभूतसिंह कोण? तिथून सुरुवात होते.

तर मूळ प्रश्न. पचमढीचा शोध कुणी लावला? कपारीत चित्र काढणाऱ्यानं? महादेवाची राखण करणाऱ्या भोप्यानं? सुनेच्या हातात नवसाचा त्रिशूळ देणाऱ्या कुठल्यातरी सासूनं? माझं उत्तर सरळ आहे. जी जागा कधी हरवलीच नव्हती, तिचा शोध लागत नाही. हरवलेला होता तो नागपूरचा राजा, आणि त्याला वाट दाखवणारे तिथे आधीपासून राहत होते.

आता तुम्ही चौरागड चढाल तेव्हा दोन गोष्टी करा. एक, अर्ध्या वाटेत थांबून पायऱ्यांच्या कडेच्या दगडाला हात लावा. आपल्या काळ्या कातळासारखा गुळगुळीत नाही, खरखरीत आहे, बोटाला वाळू लागते. दोन, बरोबर कुणी लहान असेल तर त्याला आप्पासाहेबांची गोष्ट सांगा. पण ‘आपला राजा किती शूर’ एवढ्यावर संपवू नका. त्याला लपवणाऱ्यांचं पुढे काय झालं, तेही सांगा. आणि वरती त्रिशूळ घेऊन निघालेल्या आजी भेटल्या तर माझा नमस्कार सांगा. त्यांनी सांगितलं नसतं तर मीही ते १८५७ चं वाक्य वाचून पुढे सरकलो असतो.

आज इथेच थांबतो. कुंडावरची गर्दी वाढायला लागलीय. भेटू पुढच्या भागात.